धान्य आले नाही, याची नोंद कोण ठेवतो?

महिन्याचा दुसरा आठवडा सुरू झाला की रास्त भाव दुकानाच्या दारात एकच प्रश्न फिरत असतो : माल आला का? दुकानदार कधी सांगतो, गाडी अजून गोदामातून निघालेली नाही. कधी म्हणतो, सर्व्हर डाउन आहे, दुपारनंतर या. कुणाला सांगतो, तुमच्या घरात दोघांची केवायसी राहिली आहे. आणि कुणाला, कार्ड आहे पण नाव ऑनलाइन दिसत नाही, तहसीलला जा. पिशवी घेऊन आलेल्या बाईसाठी या सगळ्या उत्तरांचा अर्थ एकच, की आज धान्य नाही. प्रत्यक्षात प्रत्येक उत्तरामागची अडचण वेगळ्या ठिकाणची असते आणि तिचा इलाज वेगळ्या टेबलावर असतो. घोडे नेमके कुठे अडले आहे हे तिला कुणी धड सांगत नाही, आणि सांगितले तरी लिहून देत नाही. रेशनचा उशीर समजून घ्यायचा तर सुरुवात या न लिहिलेल्या उत्तरापासून करावी लागते.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, हा त्याचा गाभा. सुरुवातीला तांदूळ ३, गहू २ आणि भरडधान्य १ रुपया किलोने मिळत असे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षे ते मोफतच राहील, असा निर्णय केंद्राने घेतला. राज्यात या कायद्याच्या कक्षेत जास्तीत जास्त सुमारे ७ कोटी माणसे घेता येतात. म्हणजे राज्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या चुलीशी या व्यवस्थेचा संबंध आहे.

पाच माणसांचे प्राधान्य कुटुंब घेऊ. त्यांचा महिन्याचा हक्क २५ किलो. ग्रामीण भागात माणशी महिन्याला साधारण दहा किलोच्या आसपास धान्य लागते, तेव्हा रेशनवर अर्धा महिना निघतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी बाजार असतोच. रेशन वेळेत आले नाही तर पूर्ण महिना बाजाराच्या अंगावर पडतो. किलोला पस्तीस रुपये धरले तरी २५ किलोंचे ८७५ रुपये होतात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. जवळजवळ तीन दिवसांची मजुरी केवळ उशिरापोटी जाते. हातात रोख नसेल तर किराणा दुकानदाराची वही उघडते आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असतो. पंधरा दिवसांनी रेशन मिळाले तरी ती उधारी काही माघारी जात नाही. कार्यालयात ज्याला ‘वितरणास विलंब’ म्हणतात तो घरात असा रुपया-आण्यांनी मोजला जातो.

हा उशीर होतो कुठे? महाराष्ट्राला रेशनसाठी लागणारा गहू आणि तांदूळ बव्हंशी बाहेरच्या राज्यांतून मालगाड्यांनी येतो. तो भारतीय अन्न महामंडळाच्या डेपोंत उतरतो. मनमाडचा डेपो त्यांतला सर्वांत परिचित. कायद्याने जबाबदारीची वाटणी स्पष्ट केली आहे. डेपोपर्यंत धान्य आणून ठेवणे केंद्राचे काम आणि डेपोतून उचलून दुकानाच्या दारात पोहोचवणे राज्याचे. राज्य जिल्हानिहाय नियतन, म्हणजे धान्याचा कोटा, काढते, जिल्हा पुरवठा कार्यालय ते तालुक्यांत वाटते, वाहतूक कंत्राटदार डेपोतून उचल करून तालुक्याच्या शासकीय गोदामात माल टाकतो, आणि तिथून द्वारपोच योजनेची गाडी दुकानोदुकानी जाते. कागदावर ही साखळी एक महिना आधी सुरू व्हायला हवी. सप्टेंबरचे धान्य ऑगस्टमध्ये डेपोतून बाहेर पडले, तरच ते पहिल्या आठवड्यात पिशवीत पडते.

या साखळीतला एक दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. गाडी डेपोत लागते. महामंडळाचा आणि राज्याचा माणूस मिळून थप्पीतून नमुना काढतात. गव्हाला किडा लागलेला दिसला की ती थप्पी नाकारली जाते, आणि ती नाकारायलाच हवी, कारण तेच धान्य उद्या कुणाच्या तरी पोटात जाणार असते. मग दुसरी थप्पी दाखवली जाईपर्यंत गाडी उभी राहते. मग वजनकाटा, मग पास. तालुक्याच्या गोदामात पुन्हा उतराई, पुन्हा मोजणी, पुन्हा थप्पी. हमाल कमी असतील तर एक गाडी रिकामी व्हायलाच दिवस जातो. तिथून दुकानांकडे गाड्या निघतात तेव्हा रस्त्यालगतची, मोठ्या गावांतली दुकाने आधी उरकतात. तालुक्याच्या टोकाचे गाव शेवटी येते. वरच्या पातळीवर चार दिवसांचा उशीर झाला की तो त्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचेपर्यंत दहा दिवसांचा होतो, कारण मधल्या प्रत्येक टप्प्यावर गर्दी साचलेली असते. वाहतुकीच्या कंत्राटाची मुदत संपून नवी निविदा रखडली, कंत्राटदाराची बिले थकली, हमालीच्या दराचा वाद निघाला, तर अख्ख्या जिल्ह्याचा महिना पुढे सरकतो. यातली एकही गोष्ट अकस्मात घडत नाही. कंत्राट कधी संपणार हे ते ज्या दिवशी सुरू होते त्याच दिवशी ठाऊक असते.

अडचण आधीच ठाऊक असेल तर शासन तिच्या पुढे धावू शकते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मेळघाटात आणि नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागातही पावसाळ्यात वाहने पोहोचत नाहीत अशी गावे आहेत. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवन योजनेत अशा ठिकाणी पावसाळ्याआधीच चार महिन्यांचे धान्य पोहोचवून ठेवण्याची पद्धत आहे. तिच्यातही त्रुटी राहतात, पण तत्त्व अगदी बरोबर आहे. नदीला पूर येणार हे गृहीत धरून तारीख मागे आणायची. निविदेची मुदत, मार्चअखेरची बिले, सणासुदीची गर्दी यांचाही पूर दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. मग तेवढ्या पुरासाठी तारीख मागे का आणली जात नाही?

उलट बाजूचा अनुभवही ताजा आहे. २०२५ च्या पावसाळ्याआधी केंद्राने जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिन्यांचे धान्य एकदम वाटायला सांगितले. हेतू रास्तच होता. पण तीन महिन्यांचा माल ठेवायला लहान दुकानांत जागा नव्हती, आणि एकाच महिन्यात तिप्पट काम त्याच यंत्रांवर आणि त्याच माणसांवर आले. धान्य आगाऊ द्यायचे तर गोदामे, गाड्या आणि वेळापत्रकही आगाऊ लागते.

एक धान्य आले आणि दुसरे आले नाही, ही गुंतागुंत वेगळीच. तांदूळ उतरला आणि गहू वाटेत असला की दुकानदार म्हणतो, दोन्ही आले की एकदमच घ्या. त्याचीही बाजू असते, कारण दोनदा अंगठा, दोनदा रांग, दोनदा माप. पण हातावर पोट असलेल्या माणसाला आजचा तांदूळ आज हवा असतो. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ पहिल्यांदा आला तेव्हा हीच अडचण राज्यभर दिसली. रवा, हरभराडाळ, साखर आणि पामतेल असा १०० रुपयांचा संच होता आणि चारही वस्तू एकत्रच द्यायच्या होत्या. कुठे तेल आले नव्हते, कुठे साखर. तीन वस्तू दुकानात पडून होत्या आणि अनेक घरांत संच पोहोचला तो दिवाळी सरल्यावर. एका वस्तूच्या उशिराने बाकी तिन्हींना अडवून धरणारी ही रचना कुठे वापरायची, याचा विचार त्या वेळी व्हायला हवा होता.

दुसऱ्या प्रकारचा उशीर मालाशी नाही, माणसाच्या ओळखीशी जोडलेला आहे. पॉस यंत्रावर अंगठा लागला की आधारशी जुळणी होते आणि मगच धान्य सुटते. या यंत्राने बनावट कार्डांना आणि काळ्या बाजाराला बराच आळा बसला आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याची किंमत मात्र ज्यांच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजल्या त्यांना मोजावी लागते. ऊस तोडणारे, खडी फोडणारे, धुणीभांडी करणारे हात, आणि म्हातारी माणसे. आधार जोडलेला नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नका, असे केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना कळवले. त्याच वर्षी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली होती. आधार जोडणीअभावी त्या कुटुंबाचे कार्ड रद्द झाले होते आणि मृत्यूच्या कारणावरून मोठा वाद झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालातही जुळणी होत नाही म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवता येणार नाही, ही भूमिका घेतली. कायद्याची बाजू इतकी स्वच्छ आहे. दुकानात मात्र ‘उद्या पुन्हा बघू’ हेच उत्तर मिळते. डोळ्यांची किंवा ओटीपीची सोय, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दुसऱ्याला नेमून देण्याची सोय कागदावर आहे; ती आहे हे सांगणे कुणाचे काम, याचा पत्ता नाही.

गेल्या दोन वर्षांत यात ई-केवायसीची भर पडली. कार्डावरच्या प्रत्येक सदस्याने आपली ओळख पुन्हा पटवून द्यायची. मुदत ठरली, वाढली, पुन्हा वाढली. पुढे मोबाइलवर चेहरा दाखवून केवायसी करण्याचे ॲप आले आणि बऱ्याच लोकांचा त्रास कमी झाला. तरी कोण मागे राहते ते पाहिले की या कामाचे स्वरूप कळते. मुलगा पुण्यात बांधकामावर, सून कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला, घरी सासू आणि दोन नातवंडे. नातवंडाचा आधार पाच वर्षांचा होण्याआधी काढलेला, त्यावर बोटांचे ठसेच नाहीत. ते आधी आधार केंद्रावर जाऊन नोंदवायचे, मगच केवायसी. आधार केंद्र तालुक्याला, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून आणि जाण्यायेण्याचे भाडे भरून जायचे. तिथे मशीन बंद असेल तर पुन्हा हेलपाटा. सासूला दुकानात जे कळते ते एवढेच, की या महिन्यात दोघांचे धान्य कमी आले.

स्थलांतर करणाऱ्यांसाठी ‘एक देश एक रेशन कार्ड’ ही चांगली सोय झाली आहे. तिची पहिली पावले ज्या राज्यांच्या जोड्यांत पडली त्यांत ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडी होती. बीडचे कुटुंब सांगलीत किंवा बेळगावकडे असेल तरी तिथे आपल्या वाट्याचे धान्य घेऊ शकते, घरी राहिलेल्यांना त्यांचा वाटा गावात मिळू शकतो. पण दुकानाचे नियतन त्याच्या नेहमीच्या कार्डांवर बेतलेले असते. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळच्या दुकानात शेकडो बाहेरची माणसे आली की माल आधी स्थानिकांना पुरवायचा की यांना, हा पेच दुकानदारापुढे उभा राहतो आणि बाहेरच्याला ‘शिल्लक राहिले तर बघू’ असे ऐकावे लागते. कोणत्या तालुक्यात कोणत्या महिन्यांत ऊसतोड टोळ्या येतात हे साखर कारखान्यांना पक्के ठाऊक असते. ती माहिती पुरवठा खात्याने नोव्हेंबरच्या नियतनाआधी मागून घ्यावी, इतकी ही साधी बाब आहे.

सर्वांत लांबचा उशीर मात्र रांगेत उभे राहण्याआधीच सुरू होतो. राज्याची ७ कोटींची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर ठरलेली आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. आताची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. मधल्या काळात लग्ने झाली, मुले जन्मली, एकत्र कुटुंबे विभक्त झाली, शहरांत नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. तहसील कार्यालयात नवे कार्ड किंवा नवे नाव घेऊन गेलेल्या माणसाला सांगतात, इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरलेला आकडा, शिल्लक नाही. त्याचे उत्पन्न ग्रामीण भागासाठी ठरवलेल्या ४४ हजारांच्या किंवा शहरातल्या ५९ हजारांच्या वार्षिक मर्यादेत असले, सगळी कागदपत्रे चोख असली, तरी कुणाचे तरी नाव कमी झाल्याशिवाय त्याचे नाव चढत नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी जुन्या जनगणनेमुळे देशभरात दहा कोटींहून अधिक माणसे या कायद्याबाहेर राहिल्याचा अंदाज कित्येक वर्षांपूर्वीच मांडला होता. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी असूनही रेशन कार्ड नसलेल्या सुमारे आठ कोटी लोकांना कार्डे द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले. या माणसांच्या बाबतीत ‘उशीर’ हा शब्दही अपुरा पडतो. त्यांचा अर्ज मंजूर होण्यासारखा आहे, पण तो मंजूर व्हायला देशाची जनगणना व्हावी लागते. राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून काही लाख नावे जास्तीची धरू शकते. काही राज्यांनी तसे केलेही आहे. महाराष्ट्राने या प्रश्नाला उघडपणे भिडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धान्याऐवजी रोख दिली तर हे सगळे टळेल, असे काही जण म्हणतात. राज्याने तोही प्रयोग केला आहे. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या, दारिद्र्यरेषेवरच्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये थेट खात्यात देण्याचे ठरले, पुढे ते १७० झाले. खाते आधारशी जोडलेले नाही, खाते बंद पडले आहे, निधीची तरतूद आली नाही, अशी कारणे तिथेही निघाली आणि हप्ते तुंबले. धान्य आले नाही तर निदान दुकानासमोर चार माणसे जमतात आणि आवाज होतो. पैसे आले नाहीत तर प्रत्येक जण एकटाच बँकेच्या खिडकीशी उभा असतो.

दुकानदारांबद्दल एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. राज्यात पन्नास हजारांहून अधिक रास्त भाव दुकाने आहेत. त्यांतल्या काहींनी लोकांना नाडले, हे खरेच. अंगठा आज घ्यायचा आणि माल नंतर देतो म्हणायचे, ही तक्रार अनेक गावांत ऐकू येते आणि ती गंभीर आहे, कारण अंगठा लागला की सरकारदप्तरी धान्य मिळाल्याची नोंद होते. पण क्विंटलला १५० रुपये, आणि २०२५ च्या निर्णयाने १७० रुपये, एवढ्या कमिशनवर भाडे, वीज, मापाडी आणि घट सांभाळणारा दुकानदारही याच साखळीचा शेवटचा दुवा आहे. कमिशन महिनोन्‌महिने थकते तेव्हा त्याच्या संघटना संपावर जातात आणि आणखी एक महिना पुढे जातो. त्याला शिव्या घालून वरचे टप्पे सुधारत नाहीत.

पगार उशिरा झाला तर दोन महिन्यांचा मिळून पुढच्या महिन्यात येतो. रेशनचे तसे नाही. महिना संपला की यंत्रावरचा तो महिना बंद होतो. दुकानात शिल्लक राहिलेला माल पुढच्या नियतनात वळता होतो, आणि ज्याला मिळाले नाही त्याचा त्या महिन्याचा हक्क तिथेच संपतो. फार ओरड झाली तर जिल्ह्यापुरती किंवा राज्यापुरती मुदतवाढ निघते, पण ती कृपा असते, नियम नसतो. तिसाव्या तारखेला ज्याला ‘उशीर’ म्हणत होते ते पहिल्या तारखेला नकार होते, आणि ही सीमा ओलांडताना कुठल्याही अधिकाऱ्याला सही करावी लागत नाही. धान्य नाकारल्याचा आदेश कुणी काढत नाही, म्हणून त्याविरुद्ध अपील करायलाही हातात काही उरत नाही.

कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केला होता. कलम ८ म्हणते, हक्काचे धान्य मिळाले नाही तर राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. २०१५ च्या नियमांत त्याचे सूत्रही आहे. त्या हंगामाच्या किमान आधारभूत किमतीची सव्वापट, त्यातून लाभार्थ्याने भरायची किंमत वजा करून, न मिळालेल्या किलोंना गुणायचे. गव्हाची २०२५-२६ च्या रब्बी पणन हंगामाची आधारभूत किंमत क्विंटलला २४२५ रुपये होती. तिची सव्वापट ३०३१ रुपये होते, म्हणजे किलोला तीस रुपयांहून थोडे जास्त. धान्य मोफत असल्यामुळे वजा काही करायचे नाही. आपल्या त्या पाच माणसांच्या कुटुंबाचा एक महिना बुडाला तर २५ किलो गव्हाचे साडेसातशेहून अधिक रुपये त्यांना मिळायला हवेत. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची आणि राज्य अन्न आयोगाची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेली मदत जाणूनबुजून न देणाऱ्या लोकसेवकाला पाच हजारांपर्यंत दंड आयोग करू शकतो. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशा आपत्तींत पुरवठा तुटला तरच सरकारला या दाव्यातून सूट आहे. निविदा रखडणे किंवा सर्व्हर बंद पडणे त्या यादीत नाही.

तरी हा भत्ता मिळाल्याचे ऐकायला मिळत नाही, आणि याचे कारण दुकानाच्या काउंटरवरच सापडते. भत्ता मागायचा तर ती व्यक्ती त्या महिन्यात दुकानात आली होती आणि तिला धान्य मिळाले नाही, हे कुठेतरी लिहिलेले हवे. पॉस यंत्र पावती छापते ती धान्य दिल्याची : तारीख, किलो, कार्डाचा बारा अंकी क्रमांक. अंगठा जुळला नाही तर तो प्रयत्न सर्व्हरवर कुठेतरी राहतो, पण त्याला कुणी ‘धान्य नाकारले’ असे म्हणून मोजत नाही. आणि माल आलाच नाही म्हणून जी बाई तीन वेळा येऊन हात हलवत परत गेली, तिच्या तीनही फेऱ्यांचा मागमूस कुठेच नसतो. महिनाअखेरीस वरच्या अहवालात तिचे कार्ड दिसते ते ‘उचल नाही’ या रकान्यात. ती आली नाही, आणि तिला मिळाले नाही, या दोन गोष्टी तिथे सारख्याच दिसतात.

हा फरक आता अधिकच महत्त्वाचा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने रेशनच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सलग सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते निष्क्रिय करायचे आणि मग तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी आणि ई-केवायसी करून पात्रता ठरवायची, असे त्यात आहे. प्रतीक्षा यादी पारदर्शक ठेवावी आणि आधी अर्ज करणाऱ्याला आधी न्याय मिळावा, हेही त्यात आहे आणि त्याचे स्वागत करायला हवे. मृतांची, गाव कायमचे सोडून गेलेल्यांची, सुस्थितीतल्यांची नावे कमी होऊन इष्टांक मोकळा झाला तर दाराबाहेर ताटकळणाऱ्यांना जागा मिळेल. पण सहा महिने ‘उचल नाही’ याचा अर्थ लावताना कोण गरज नाही म्हणून आले नाही, कोण फडावर होते, कोणाचा अंगठा लागत नव्हता, आणि कोणाच्या गावात गाडीच महिना उलटल्यावर येत होती, हे आजची नोंद सांगू शकत नाही.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. दुकानात यंत्र आहे, कागदाचा रोल आहे. धान्य न घेता परतणाऱ्या प्रत्येकाला त्याच यंत्रातून एक चिठ्ठी मिळावी, जिच्यावर तारीख, कार्ड क्रमांक आणि कारण असेल : माल अप्राप्त, जुळणी अयशस्वी, केवायसी प्रलंबित, यंत्र बंद. सर्व्हरच बंद असेल तर छापील पुस्तकातून हाताने लिहून द्यावी. ती चिठ्ठी ज्याच्याकडे आहे त्याचा त्या महिन्याचा हक्क पुढच्या महिन्यात आपोआप चालू राहावा, मुदतवाढीच्या आदेशाची वाट न पाहता. दोन महिन्यांतही धान्य मिळाले नाही तर कलम ८ चा भत्ता अर्जाशिवाय खात्यात जावा. तालुकानिहाय अशा चिठ्ठ्यांची संख्या दर महिन्याला जाहीर झाली, तर कोणत्या गोदामाशी, कोणत्या कंत्राटाशी आणि कोणत्या आधार केंद्राशी घोडे अडते आहे हे जिल्हाधिकाऱ्यांना बैठक न घेताही दिसेल.

ही सोय होईपर्यंत लोकांनी निदान इतके करावे. १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दुकानात माल आल्याची तारीख दक्षता समितीच्या सदस्याकडून लिहून घ्यावी. अंगठा लावल्यावर पावती आणि माल दोन्ही हातात आल्याशिवाय दुकान सोडू नये. पुरवठा खात्याकडे मात्र आमचे तातडीचे मागणे एकच आहे. सहा महिने उचल नसलेल्या कार्डांची यादी काढून त्यावर निष्क्रियतेचा शिक्का मारण्याआधी, त्या यादीतल्या प्रत्येक कार्डापुढे त्या सहा महिन्यांत त्या दुकानात माल कोणत्या तारखांना पोहोचला आणि यंत्र किती दिवस बंद होते, हे दोन रकाने भरले जावेत.